मेंढा, होडी आणि आग्रा रोड

या पुस्तकात कॉर्व्हेट नाही, आणि मस्टँग आहे ती फक्त एका फोटोत. जुन्या अमेरिकन गाड्यांचं पुस्तक म्हणून जो कोणी हे हातात घेईल तो आधी हीच दोन नावं शोधणार, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात पहिली कॉर्व्हेट कारखान्याबाहेर आली. त्या वर्षी अवघ्या ३०० बनल्या, सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल, फायबरग्लासच्या अंगाच्या. त्याच १९५३ मध्ये दिल्लीत टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे नाहीत, नुसत्या परदेशातून आलेल्या पेट्या फोडून गाड्या जोडायच्या आहेत, त्यांना इथे जागा नाही. शिवडीला १९२८ पासून शेव्हरोले जोडणारी जनरल मोटर्स पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळून गेली. फोर्डही गेली. अमेरिकेत स्पोर्ट्स कारचा जमाना सुरू व्हायला आणि आपल्याकडे दार लागायला एकच गाठ पडली. मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि वर्षभरात चार लाखांवर खपली, तेव्हा मुंबईतला सुखवस्तू माणूस फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत होता. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची मस्टँग कंपनीने भारतात रीतसर विकायला आणली ती २०१६ मध्ये.

तरीही हे पुस्तक अमेरिकन गाड्यांचंच आहे. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत मला अशी माणसं भेटली, ज्यांच्या बोलण्यात डॉज, प्लिमथ, इम्पाला ही नावं नात्यागोत्यातल्या माणसांसारखी येतात. त्यांतल्या फार थोड्यांच्या नावावर कधी गाडी होती. कुणी ती रंगवली होती, कुणी चालवली होती, कुणी रोज पहाटे फडक्याने पुसली होती, कुणी तिच्याखाली आडवं पडून गिअरबॉक्स छातीवर उतरवून घेतला होता. आरसी बुकात नाव एकाचं असतं, गाडी मात्र पाच-सात जणांची असते. ती विकली गेली, भंगारात गेली की तिची आठवण मालकापेक्षा या बाकीच्यांकडेच जास्त टिकते, हा मला आठवणी गोळा करताना पुन्हा पुन्हा आलेला अनुभव आहे. मालकांच्या घरी फोटो मिळाले. गाडीचा दरवाजा लावताना कसा आवाज व्हायचा, हे मला ड्रायव्हरांनी सांगितलं.

सुरुवात कुर्ल्यापासूनच करायला हवी. तीसच्या दशकात एम. विश्वेश्वरय्या यांनी भारतात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना आखली होती, त्यासाठी ते अमेरिकेतले कारखाने पाहूनही आले होते. ती योजना उचलून धरली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ मदतीला तयार होतं. पण १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळ गेलं, महायुद्ध आलं, आणि युद्धाच्या धामधुमीत हिंदी माणसाचा मोटार कारखाना उभा राहावा अशी इंग्रज सरकारची काही इच्छा नव्हती. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. क्रायस्लरच्याच डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. फियाट मागाहून आली, ५०० हे छोटं मॉडेल १९५१ मध्ये आणि ज्याला आपण पुढे प्रेमाने डुक्कर फियाट म्हटलं ते ११०० त्यानंतर. पद्मिनीवर आज इतकं लिहिलं-बोललं जातं, की त्या कारखान्याची पहिली भाषा अमेरिकन होती हे लोक विसरून गेले आहेत. मला त्याचं वाईट वाटतं.

कारखान्याजवळून आग्रा रोड जायचा. आज तो लाल बहादूर शास्त्री मार्ग आहे, पण घाटकोपर-भांडुपकडची साठी उलटलेली माणसं अजून आग्रा रोडच म्हणतात. बंदरावर उतरलेल्या पेट्या कारखान्यात यायच्या, त्यातून सांगाडा, पत्रे, इंजिन, धुरा निघायचं, जोडाजोडी व्हायची, आणि तयार गाडी चाचणीसाठी रस्त्यावर यायची. तेव्हा या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं, मिठागरं आणि नव्याने उभे राहणारे कारखाने होते. विक्रोळीतल्या एका आजोबांनी मला सांगितलं, की शाळा सुटल्यावर ते आणि त्यांचे मित्र रस्त्याकडेला बसून तयार गाड्या मोजायचे. ज्याला डिसोटो आधी दिसेल तो जिंकला, कारण डिसोटो कमी यायच्या.

माझे वडील १९५६ मध्ये या कारखान्याच्या रंगखात्यात हेल्पर म्हणून लागले. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. इंग्रजी अक्षरं लावता येत नव्हती. गाडीच्या बोनेटवर नाकापाशी जे क्रोमचं चिन्ह असायचं, त्यावरून तो आणि त्याच्यासारखे दहा-वीस जण गाड्या ओळखायचे. डॉजवर मेंढा, प्लिमथवर शिडाचं जहाज, डिसोटोवर शिरस्त्राण घातलेला माणूस. कोकणातल्या पोरांनी त्यांना आपली नावं देऊन टाकली. मेंढा, होडी, सरदार. आज किती होड्या झाल्या, सरदाराचा हिरवा नीट बसला नाही, असं त्यांचं तेव्हाचं बोलणं वडील आमच्या घरी जेवताना ऐकवायचे. मी शाळेत जाईपर्यंत डॉज हा शब्द ऐकलाच नव्हता. पुढे कळलं की ती होडी म्हणजे इंग्लंडहून अमेरिकेत पहिल्या वसाहतकऱ्यांना घेऊन गेलेलं मेफ्लॉवर जहाज, आणि तो सरदार म्हणजे एर्नांदो दे सोतो नावाचा स्पॅनिश मुशाफिर. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "होडी म्हणजे होडीच ना मग."

रंगखात्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढच्या पानांत त्याविषयी सांगणारं दुसरं कुणी नाही. पत्र्याला आधी तांबडा प्रायमर मारायचा. मग खाचाखोचांत लांबी भरायची, ती वाळली की वॉटर पेपरने घासायची. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात कागद. घासायचं ते बोटांच्या टोकांनी नाही, तळहात सपाट ठेवून, नाहीतर बोटांच्या रेषा रंगाखालून दिसतात. डोळ्यांनी चढउतार कळत नाहीत, ते हाताला कळतात, म्हणून मिस्त्री मध्येच येऊन डोळे मिटून मडगार्डवरून हात फिरवायचा आणि एखाद्या जागी टिचकी मारायचा. तिथे पुन्हा. अमेरिकन गाड्यांचे मडगार्ड म्हणजे गोलाईच गोलाई, कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळू नये अशी. फियाटचा पत्रा त्यामानाने सोपा, असं वडील म्हणत. पावसाळ्यात रंगावर दवासारखा पांढुरका धूर धरायचा, मग तो थर उतरवून पुन्हा मारायचा. वडिलांच्या उजव्या तळहाताची कातडी शेवटपर्यंत गुळगुळीत राहिली. आई म्हणायची, यांच्या हाताने पोळपाट पुसला तरी चकचकीत होईल.

गाडीत ते एकदाच बसले. रंगखात्यातून पुढच्या खात्यात गाड्या हाताने ढकलत न्यायच्या, तेव्हा स्टिअरिंग धरायला एक जण आत लागायचा. नेहमीचा माणूस आला नव्हता म्हणून त्या दिवशी वडिलांना बसवलं. साठ-सत्तर पावलांचा प्रवास, इंजिन बंद, सीट अजून बसवलेली नाही, लोखंडी चौकटीवर गोणपाट टाकलेलं. हा प्रसंग त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला, की माझ्या मुलीलाही तो पाठ आहे.

पन्नासचं दशक संपता संपता कुर्ल्यातून अमेरिकन मोटारी बंद झाल्या. पुढे त्याच कारखान्यात फियाटची प्रीमियर पद्मिनी झाली, घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर दत्ता सामंतांची युनियन आली, संप झाले, टाळेबंदी झाली, आणि २००० च्या आसपास सगळंच थांबलं. त्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. रस्त्याला प्रीमियर रोड नाव राहिलं आहे. मुंबईच्या टॅक्सीच्या रूपातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही उतरली. वर्तमानपत्रांनी तिला छान निरोप दिला. तिच्या थोरल्या बहिणी कधी गेल्या, याची कुणी तारीख लिहून ठेवलेली नाही.

त्या गेल्या त्या पेट्रोलमुळे. सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरहून मोठं इंजिन लिटरला सहा-सात किलोमीटर द्यायचं, तेही चांगल्या रस्त्यावर. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पेट्रोल असं भडकलं की ज्यांच्याकडे मोठी गाडी होती त्यांनी ती झाकून ठेवली किंवा येईल त्या किमतीला काढली. काही थेट भंगारात गेल्या. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर आजही जुन्या गाड्या खोलून सुटे भाग विकणाऱ्यांची रांग आहे, तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला सांगितलं की त्या दोन-तीन वर्षांत इम्पालाचा बंपर वजनावर जायचा. ज्या वाचल्या त्यांतल्या बऱ्याचशा पोटात दुसरं काळीज घालून वाचल्या. मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं, माउंटिंग लेथवर करून घ्यायचं, प्रोपेलर शाफ्ट कापून जोडायचा, आणि गाडी लग्नाच्या वरातीला किंवा पर्यटकांना भाड्याने द्यायची. मुलुंडच्या एका बाईंनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी झालेल्या आपल्या लग्नाची आठवण लिहून दिली आहे. पांढरी इम्पाला, झेंडूच्या माळा, आणि आत ट्रकसारखी धडधड. नवऱ्याचा आवाज ऐकू येईना म्हणून पहिल्या दिवशी दोघं खुणांनीच बोलली.

इम्पालाबद्दल लोकांना सगळ्यांत जास्त बोलायचं असतं. ही गाडी कुर्ल्यात कधीच बनली नाही. १९५८ मध्ये ती अमेरिकेत आली तेव्हा आपल्याकडे परकीय चलनाची टंचाई होती आणि आयातीवर कडक बंधनं होती. वकिलातींतून, संस्थानिकांकडून, परदेशी कंपन्यांच्या साहेबांकडून सुटलेल्या, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात निघालेल्या, अशा मोजक्याच इम्पाला मुंबईत फिरल्या. पण हिंदी सिनेमाने त्या मोजक्या गाड्या इतक्या वेळा दाखवल्या, की श्रीमंत माणूस म्हटल्यावर इम्पालाच डोळ्यांपुढे यायची. १९५९ च्या मॉडेलची लांबी साडेसतरा फुटांहून थोडी जास्त, रुंदी साडेसहा फुटांच्या पुढे, मागे पंख पसरल्यासारखा डिकीचा पत्रा. घाटकोपरच्या ज्या चाळीत मी वाढलो तिथली खोली दहा बाय बाराची होती. चाळीसमोर एकदा कुणा शेठजींची इम्पाला बंद पडली, तेव्हा आम्ही पोरांनी ती पावलांनी मोजली आणि मग घरात येऊन तीच पावलं टाकली. भिंत आली तरी गाडी संपली नव्हती. शेठजींचा ड्रायव्हर हसत म्हणाला, अजून डिकी राहिली बाळांनो.

पश्चिमेकडची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे स्टुडिओ होते. गोरेगावला फिल्मिस्तान, अंधेरीला फिल्मालय आणि आणखी कितीतरी. शूटिंगला गाड्या लागायच्या, म्हणून अंधेरीच्या गल्ल्यांत भाड्याने गाड्या देणारे आणि त्या चालत्या ठेवणारे मिस्त्री वाढले. 'चलती का नाम गाडी' मध्ये तिघा भावांच्या बरोबरीने जी चौथी भूमिका करते ती १९२८ सालची शेव्हरोले. योगायोग असा की शिवडीत पहिली शेव्हरोले जोडून झाली ती त्याच साली, डिसेंबरात. जुहूच्या धावपट्टीवर पुढे मोटारींच्या शर्यतीही झाल्या, त्या पाहायला विलेपार्ले-सांताक्रूझची मुलं कुंपणावर चढून बसत. 'अलबेला' नंतरच्या वैभवाच्या काळात जुहूलाच पंचवीस खोल्यांच्या बंगल्यात भगवानदादा पालव राहत होते. गिरणी कामगाराचा हा मुलगा. त्यांच्याकडे सात गाड्या होत्या, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. पुढे चित्रपट पडत गेले, चेंबूरचा जागृती स्टुडिओ गेला, बंगला गेला, सातही गाड्या गेल्या, आणि दादरच्या चाळीतल्या खोलीत २००२ मध्ये ते वारले. ही कहाणी लोक नेहमी उधळेपणाचा धडा म्हणून सांगतात. मला तसं सांगणं पटत नाही. मराठी माणसाने सात गाड्या ठेवल्या, त्यांच्यावर जीव लावला, तो काळ खरा होता आणि तो त्याने आनंदाने जगला.

कांदिवलीला वळल्याशिवाय पश्चिम उपनगरांचं पान पुरं होत नाही. महिंद्रांनी विलीसची जीप आधी माझगावला जोडली आणि नंतर साठच्या दशकात कांदिवलीत मोठा कारखाना उभा केला. जीप ही स्पोर्ट्स कार नव्हे हे मला मान्य आहे. पण मोकळं छप्पर, दोन दरवाज्यांऐवजी दोन भोकं, आणि घोडबंदर रोडच्या मातीत उधळणारी धूळ, हे सुख बोरिवली-दहिसरच्या ज्या पोरांनी कारखान्यातल्या काकांच्या कृपेने अर्धा तास का होईना चाखलं, त्यांना मी त्यांच्या आठवणी या पुस्तकात लिहायला नाही म्हणू शकलो नाही.

आता त्या एका मस्टँगबद्दल. १९६५ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि पवईच्या आयआयटीतून, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून बाहेर पडलेले इंजिनियर तिकडे जाऊ लागले. त्यांची पत्रं यायची, त्यात एक फोटो हमखास असायचा. बर्फ, कोट, आणि गाडीला रेलून उभा असलेला मुलगा. मुलुंडच्या एका घरातला असा फोटो या पुस्तकात आहे. गाडी लाल मस्टँग. फोटोच्या मागे शाईने लिहिलंय, "ही आपली नाही, शेजाऱ्याची आहे, पण आईला सांगू नये." आईने तो फोटो देव्हाऱ्याशेजारी तीस वर्षं लावून ठेवला होता. मागची ओळ घरात सगळ्यांना माहीत होती, आईलाही असावी. तो मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे, ओहायोत राहतो, आणि निवृत्त झाल्यावर त्याने खरोखरच १९६६ सालची मस्टँग घेतली. त्याने मला फोनवर जे सांगितलं ते त्याच्या परवानगीने शेवटच्या प्रकरणात दिलं आहे. आता आईला खरं सांगता येईल, असं तो म्हणाला. आई जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

गाडी ठेवणं म्हणजे काय असतं हे मला प्रत्यक्ष कळलं ते २००५ च्या जुलैत. २६ तारखेला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी कुर्ला-कलिन्यात घुसली. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजात १९५४ ची डॉज किंग्जवे उभी होती, मुलुंडच्या मालकाने रंगकामाला दिलेली. पाणी खिडक्यांच्या काचेपर्यंत चढलं. चौथ्या दिवशी चिखल उपसून आम्ही तिच्यापाशी पोचलो. मिस्त्रीने संपचा नट सोडला तेव्हा आधी नुसतं गढूळ पाणी आलं, मग दूध जास्त झालेल्या चहासारखं ऑइल. नवी गाडी असती तर विमावाल्यांनी तिथेच तिचं दप्तर मिटवलं असतं. पण या इंजिनात व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेले असतात आणि वरचं हेड म्हणजे नुसतं जाड लोखंडी झाकण. ते उतरवायला टायमिंगला हात लावावा लागत नाही. आत बघितलं, सिलिंडरच्या भिंतींवर तांबूस पापुद्रा धरला होता, अजून खड्डे पडले नव्हते. डिझेल ओतून ठेवलं, दुसऱ्या दिवशी पान्याने क्रँक हळूहळू फिरवली. ती फिरली तेव्हा मिस्त्री काही बोलला नाही, उठून नळावर हात धुऊन आला आणि मग पुन्हा फिरवली. तीनदा ऑइल बदललं. सीटा गेल्या, दरवाज्यांच्या आतली पुठ्ठ्याची अस्तरं गेली, वायरिंग सगळं नव्याने ओढलं.

आणि एक चूक झाली तीही सांगतो, कारण तशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना उपयोगी पडेल. क्रायस्लरच्या १९५५ पर्यंतच्या गाड्यांना सहा व्होल्टची बॅटरी असते आणि तिची प्लस तार बॉडीला जोडलेली असते, आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या बरोबर उलट. वायरिंग करणाऱ्या पोराने सवयीने मायनस बॉडीला दिली. गाडी तरीही सुरू झाली, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मालकाने पाहिलं की अ‍ॅमीटरचा काटा गाडी रेटली की डिस्चार्जकडे झुकतोय. तारा बदलल्या, डायनॅमोला पुन्हा नीट ध्रुव दिला, मग निस्तरलं. अशा गोष्टी कुठल्या पुस्तकात मराठीत छापलेल्या नाहीत. त्या फक्त चार-पाच माणसांच्या डोक्यात आहेत, आणि त्यांतली दोन माणसं हे पुस्तक तयार होत असतानाच गेली.

आज जुन्या गाड्यांना थोडे बरे दिवस आहेत. हॉर्निमन सर्कलहून निघणाऱ्या रॅलीला गर्दी होते, उपनगरांतून गाड्या त्यासाठी अंधारातच निघतात. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी, नंबर प्लेटवर व्हीए ही अक्षरं, नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. जुना नंबर ज्याच्याकडे आहे त्याला तो ठेवता येतो. नियम झाला हे चांगलंच झालं. पण त्यात एक अट आहे, की गाडीच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मी वर ज्या डिझेलच्या काळजाच्या गाड्यांविषयी लिहिलं त्या या अटीत कुठे बसणार? सत्तरच्या दशकात कुणा मिस्त्रीने इंजिन बदललं नसतं तर ती गाडी आज असतीच ना. अमेरिकेत सुट्या भागांची दुकानं होती, इथे लेथ होता. आपल्याकडची जुनी गाडी कशी जगली याची खूण म्हणजे ते बदललेलं इंजिन, आणि ती खूण पुसून मूळच्यासारखं चकचकीत करणाऱ्या हौशी मालकांना माझी हात जोडून विनंती आहे, की निदान काढलेल्या डिझेल इंजिनाचा एक फोटो आणि ते बसवणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

पुस्तकात माणसांची नावं बहुतेक ठिकाणी गाळली आहेत. बऱ्याच जणांची तशी इच्छा होती, काहींच्या वाटण्या अजून कोर्टात आहेत. गाड्यांचे नंबर मात्र जिथे मिळाले तिथे दिले आहेत, कारण कुणाला तरी त्यावरून आपली गाडी सापडेल. भाषा ज्याची त्याची ठेवली आहे. डेंटरने मडगार्डला मरगाड म्हटलं असेल तर तेच छापलंय.

२००८ च्या दिवाळीनंतर ती मुलुंडची किंग्जवे पूर्ण तयार झाली. फक्त बोनेटवरचा मेंढा नव्हता, पुरात निखळून गेला होता. आमच्या घरी शोकेसमध्ये एक मेंढा कित्येक वर्षं बसलेला आहे. दुरुस्तीला आलेल्या एका गाडीवरून तो उतरला होता, भंगारात जायचा, तो वडिलांनी साहेबांना विचारून घेतला, आणि त्याचा गेटपासही घडी घालून त्याच्याच खाली ठेवलेला आहे, कुणी कधी विचारलं तर असावा म्हणून. मी तो मुलुंडला न्यायचं ठरवलं. वडील तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते, गुडघे दुखत होते, तरी स्वतः आले. मेंढा त्यांनी पिशवीतून नव्हे, पंच्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून आणला.

मालकाने कौतुकाने बोनेट उघडलं. वडिलांनी गाडीला आधी एक प्रदक्षिणा घातली. मग डाव्या मडगार्डवर तळहात सपाट टेकवला, डोळे मिटले आणि पुढून मागे नेला. एका जागी थांबले, पण टिचकी मारली नाही. मग मेंढा उलटा करून त्याच्या पोटाखालचे दोन बोल्ट बोटांनी चाचपले, बोनेटवरची भोकं चाचपली, आणि मान हलवली.

"हा एकोणपन्नासचा आहे," ते म्हणाले. "तुमची चोपन्नची. भोकं जुळायची नाहीत."

मालक म्हणाला, नवीन भोकं पाडून घेऊ काका, त्यात काय. वडिलांनी मेंढा पंच्यात गुंडाळायला घेतला होता. "एवढा चांगला पत्रा आहे," ते म्हणाले, "कशाला भोकं पाडता?"

येताना लोकलमध्ये त्यांना खिडकी मिळाली. भांडुप गेलं, कांजूरमार्ग गेलं, विक्रोळी आली. मेंढा मांडीवर होता. घरी आल्यावर त्यांनी तो पुन्हा गेटपासवर ठेवला, आणि आईला म्हणाले, मडगार्डला एका ठिकाणी लांबी जास्त झालीय, पण त्यांना सांगितलं नाही.